हामटा पास: हिमालयातला पहिला ट्रेक कसा करावा

मनालीच्या बस स्टँडवर तुम्ही उतरता, तेव्हाच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर वर असता. कळसूबाई १,६४६ मीटर, मनाली साधारण २,०५० मीटर. आणि ट्रेक अजून सुरूही झालेला नसतो. हामटा पास म्हणजे ४,२७० मीटर, आपल्या ट्रेकरांच्या भाषेत चौदा हजार फूट.

मी ही वाट तीनदा चालले आहे: एकदा जूनमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा सप्टेंबरमध्ये. प्रत्येक वेळी सोबत सह्याद्रीत मुरलेली मंडळी होती, आणि प्रत्येक वेळी सगळ्यात जास्त त्रास झाला तो सगळ्यात दणकट माणसालाच. राजगडाच्या चढावर दम लागतो तो पायांमुळे. दोन मिनिटं थांबलं, लिंबूपाणी प्यायलं की गडी पुन्हा तयार. चार हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. श्वास तेवढाच घेतला तरी ऑक्सिजन कमी मिळतो, आणि त्याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात. जोर लावून ते दिवस वाचत नाहीत. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगते: हळू चाला, आणि काय होतंय ते गाइडला खरं सांगा. पुढे जे काही लिहिलंय ते या दोन गोष्टी जमाव्यात म्हणूनच.

हाच ट्रेक का?

हामटा ही कुल्लू आणि लाहौल या दोन खोऱ्यांना जोडणारी खिंड आहे. तिकडे खिंडीला ‘जोत’ म्हणतात. पर्यटक येण्याच्या कितीतरी आधीपासून गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात आपले कळप घेऊन ती ओलांडत आले आहेत, आजही ओलांडतात. चालायचे दिवस चार, मनालीतून निघून मनालीत परत यायला पाच. गिर्यारोहणाचं कुठलंही तंत्र आधी शिकून यावं लागत नाही.

पण मला हा ट्रेक आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. आपल्याकडे महाबळेश्वरच्या धुक्यातून निघून माणदेशातल्या कोरड्या माळापर्यंत पोचायला अर्धा दिवस गाडीत बसावं लागतं. इथे तेच तुम्ही एका दिवसात पायी करता. खिंडीच्या अलीकडे देवदार, भोजपत्राची झाडं, कुरणं, ओल. पलीकडे उतरलात की तांबूस-करडे उघडे डोंगर, झाडाचं नाव नाही. पावसाचे ढग पीर पंजालच्या या डोंगररांगेच्या अलीकडेच रिकामे होतात. लाहौल पर्जन्यछायेत आहे. शाळेच्या भूगोलात वाचलेलं ते सगळं इथे खिंडीत उभं राहून एका नजरेत दिसतं.

कोणत्या महिन्यात?

हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जूनमध्ये खिंडीच्या दोन्ही अंगांना बर्फ असतो. बर्फात चालायची हौस असेल तर हेच दिवस. मात्र त्या वेळी चंद्रतालचा, म्हणजे ट्रेकच्या शेवटी जीपने बघायला जातात त्या तळ्याचा, रस्ता उघडला असेलच याचा भरवसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कुरणं रानफुलांनी भरतात, पण कुल्लूच्या बाजूला पाऊस असतो आणि ओढे फुगलेले असतात. सप्टेंबरमध्ये हवा धुतल्यासारखी स्वच्छ, पाणी कमी, रात्री मात्र कडाक्याच्या.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवते. त्याच्या पुढे सरकू नका. सप्टेंबर २०१८ च्या शेवटी लाहौल-स्पितीत अवेळी मोठा हिमवर्षाव झाला आणि याच भागात ट्रेकरांचे गट अडकले होते. जुलै २०२३ मध्ये तर पुराने मनालीचा महामार्ग तुटला आणि चंद्रतालजवळ सुमारे तीनशे पर्यटक बर्फात अडकून पडले. हे घाबरवायला सांगत नाही. परतीचं तिकीट काढताना ट्रेक संपल्यावर एक दिवस मोकळा ठेवा, एवढ्यासाठी सांगते. तो दिवस वापरावा लागला नाही तर मनालीत आराम होतो.

कोणाबरोबर जायचं?

पहिला हिमालयी ट्रेक गाइडशिवाय करू नका. मनाली ते मनाली शुल्क साधारण दहा ते पंधरा हजारांच्या दरम्यान असतं. त्यात तंबू, जेवण, गाइड आणि जीपचा प्रवास येतो. काही जण चंद्रतालचे पैसे वेगळे घेतात. दोन हजार रुपये वाचतात म्हणून संस्था निवडू नका. फोन करा आणि विचारा: गट किती जणांचा? किती ट्रेकरांमागे एक गाइड? गाइडने उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून किंवा मनालीच्या पर्वतारोहण संस्थेतून कोर्स केला आहे का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण? ऑक्सिजन सिलिंडर प्रत्येक मुक्कामावर असतो की फक्त बेस कॅम्पवर? एखाद्याला उतरवावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण जातं, आणि बाकीच्या गटाकडे मग कोण उरतं?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नीट चालवणाऱ्या माणसाकडे त्याचं उत्तर तयार असतं. ‘असं कधी होतच नाही’ असं कोणी म्हणालं, तर तिथे पैसे भरू नका.

आणखी एक विचारा: खेचरवाले, स्वयंपाकी आणि मदतनीस यांचा विमा काढला आहे का? तुमचा विमाही काढून घ्या आणि त्यात साडेचार हजार मीटरपर्यंतचं ट्रेकिंग स्पष्ट लिहिलेलं आहे ना, ते वाचून बघा. नेहमीच्या प्रवास विम्यात ते बहुतेक वेळा नसतं.

दोन महिने आधीपासून

रोजच्या रोज थोडं, हे आठवड्यातून एकदा खूप करण्यापेक्षा बरं. आठवड्यातून चार दिवस धावा किंवा झपाझप चाला. पाच किलोमीटर न थांबता चाळीस मिनिटांत धावता येऊ लागलं की दमसासाचा पाया झाला. पुण्यातल्यांनी दर रविवारी सिंहगड पायवाटेने, पाठीवर सहा-सात किलो घेऊन. मुंबईकरांना डोंगर जवळ नसेल तर इमारतीचे जिने आहेतच. चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा. हामट्याचा उतार तीव्र आहे आणि गुडघे बोलायला लागतात ते उतारावर. मांड्यांसाठी बैठका, पिंढऱ्यांसाठी पायरीवर टाच वर-खाली करणं, एवढं घरात होतं.

रक्तदाब, दमा, मधुमेह, हृदयाचं काहीही असेल तर डॉक्टरांना ‘चौदा हजार फुटांवर जाणार आहे’ हे स्पष्ट सांगून तपासणी करून घ्या. डायमॉक्सबद्दलही त्यांनाच विचारा. उंचीची सवय लवकर व्हायला ही गोळी मदत करते. तिने लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते आधी सांगायलाच हवं. मैत्रिणीने घेतली म्हणून आपणही घेतली, असं करू नका.

सॅकमध्ये काय

सुती कपडे घरी ठेवा. सुती बनियन घामाने भिजतो, वाळत नाही, आणि थांबलात की पाठीवर बर्फाची लादी ठेवल्यासारखं होतं. चालताना घालायला लवकर वाळणारे दोन-तीन टी-शर्ट आणि दोन ट्रेक पँट पुरतात. त्यावर एक फ्लीस, त्यावर जाड जॅकेट, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं. थर्मलचा एक जोड फक्त झोपण्यासाठी. कानटोपी, उन्हाची टोपी, हातमोजे दोन प्रकारचे: एक पातळ, एक पाणी न शिरणारे. पॉन्चो चालतो, पण खिंडीवरच्या वाऱ्यात तो पंखासारखा फडफडतो आणि पावलं दिसत नाहीत. रेनकोट-पँट असेल तर जास्त बरं.

बूट घोटा झाकणारे, खोल खाचांच्या तळाचे, आणि एका नंबरने सैल. ते निघायच्या आधी किमान तीन आठवडे वापरलेले हवेत. नवे बूट घेऊन थेट मनालीत आलेल्या माणसाचे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाचांवर आलेले फोड मी पाहिले आहेत; त्याला तिसरा दिवस चालायचाच होता. जाण्याआधी पायाची नखं कापा, नाहीतर उतारावर बोटं बुटात आपटून नखं काळी पडतात. मोजे पाच जोड. त्यातला एक लोकरीचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये ठेवायचा आणि काहीही झालं तरी चालताना घालायचा नाही. रात्री कोरडे मोजे असले की झोप लागते. झोप लागली की दुसरा दिवस निघतो.

ओढे ओलांडायला मागे पट्टा असलेले सँडल. दोन ट्रेकिंग पोल. अतिनील किरण अडवणारा गॉगल जूनमध्ये अत्यावश्यक, कारण बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे सुजतात. हेडटॉर्च, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, दोन लिटर पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं. खायला खजूर, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू; उंचीवर जेवण नकोसं होतं तेव्हा ओळखीची चव घशाखाली उतरते. मी मेतकुटाची एक छोटी डबी नेते. कॅम्पवरच्या मऊ भातावर तूप-मेतकूट घातलं की न जेवणारी मंडळीही चार घास खातात.

बायकांसाठी थोडं जास्त. उंचीवर आणि थंडीत पाळी लवकर येऊ शकते, तेव्हा तारीख दूर असली तरी तयारीने जा. वापरलेले पॅड टाकायला जाड, बंद होणारी पिशवी न्या आणि ती मनालीपर्यंत परत आणा. कॅम्पवर खड्डा खणून त्यावर उभारलेला टॉयलेट तंबू असतो. त्यात पाणी ओतत नाहीत, माती टाकतात. ओले वाइप्स त्यात टाकू नका, ते कुजत नाहीत. पाणी कमी प्यायलं म्हणजे तंबूबाहेर जावं लागणार नाही, असा हिशेब अनेक जणी करतात. कृपा करून तो करू नका; डोकेदुखीची सुरुवात तिथूनच होते.

सगळं मिळून सॅकचं वजन नऊ-दहा किलोच्या आत बसायला हवं. पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर पैसे भरून सॅक खेचरावर देता येते. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. फक्त दिवसभराच्या छोट्या पिशवीत पाणी, जॅकेट आणि रेनकोट स्वतःजवळ ठेवा.

मनालीपर्यंत

मनालीला रेल्वे नाही. मुंबई-पुण्याहून रेल्वेने किंवा विमानाने चंदीगड अथवा दिल्ली, आणि तिथून रात्रीची बस, ही सगळ्यांची वाट. विमानतळ भुंतरला आहे, मनालीपासून पन्नास किलोमीटरवर, पण विमानं मोजकी आणि हवा बिघडली की रद्द होणारी.

सकाळी बसमधून उतरायचं आणि त्याच दिवशी ट्रेक सुरू करायचा, असा कार्यक्रम बऱ्याच संस्था देतात. माझं ऐका, एक दिवस आधी पोचा. पुणे ५६० मीटरवर आहे. तिथून निघून तिसऱ्या रात्री तुम्ही ३,१०० मीटरवर झोपणार. मनालीतली एक रात्र आणि जुन्या मनालीपर्यंत किंवा वशिष्ठपर्यंत एक निवांत चालणं, यानेही फरक पडतो. त्या संध्याकाळी दारू नको. आणि घरी फोन करून सांगा: ‘उद्यापासून चार-पाच दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका.’ तारीख सांगून ठेवा. संस्थेच्या कार्यालयाचा नंबरही घरी देऊन ठेवा.

पहिला दिवस: जोबरा ते चिका

मनालीपलीकडच्या प्रीणीपासून जीप वळणावळणाच्या घाटाने सेथन गावावरून जोबऱ्याला नेते. जलविद्युत प्रकल्पासाठी केलेला हा रस्ता झाला नसता तर खालून एक दिवस जास्त चालावं लागलं असतं. मला विचाराल तर तो जास्तीचा दिवस शरीराला बराच होता. जोबरा ३,००० मीटरच्या आसपास. तिथून चिका दीड-दोन तासांचं चालणं, झाडीतून, नदीच्या सोबतीने.

इतकं कमी अंतर पाहून तरुण मंडळी सुसाट सुटतात. पहिल्या वेळी मीही सुटले होते. पाऊण तासात चिक्याला पोचले आणि रात्रभर डोकं ठणकत राहिलं. वेग ठरवायची साधी खूण आहे: चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग कमी करा, थांबू नका. दर दहा मिनिटांनी बसण्यापेक्षा तासभर संथ चालणं शरीराला सोपं जातं.

खेचरं येताना दिसली की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभं राहायचं, दरीकडच्या नाही. ओझ्याचा धक्का लागला तरी मग तुम्ही डोंगरालाच टेकाल. मेंढ्यांच्या कळपाजवळ जायचं असेल तर आधी मेंढपाळाला हाक मारा. राखणीचे कुत्रे त्याचंच ऐकतात.

कॅम्पवर पोचल्यावर लगेच तंबूत आडवं व्हायचं नाही. गरम काहीतरी अंगात चढवा, चहा घ्या आणि गाइड आजूबाजूच्या चढावर न्यायला निघाला की जा. शंभर मीटर वर चढून परत खाली येऊन झोपायचं, ही उंचीची सवय करण्याची जुनी, खात्रीची पद्धत आहे.

दुसरा दिवस: चिका ते बालू का घेरा

चार-पाच तास. झाडं हळूहळू विरळ होतात आणि मग एका वळणानंतर संपतात. ज्वाऱ्याजवळ ओढा ओलांडावा लागतो, तो दगडांवरून की पाण्यातून, हे त्या दिवशीच्या पाण्यावर. पुढे दरी रुंदावते. वरून वितळून आलेल्या पाण्याने वाहून आणलेली वाळू जिथे पसरली आहे तिथे मुक्काम, म्हणून नाव बालू का घेरा. उंची सुमारे ३,६०० मीटर.

मला या सगळ्या ट्रेकमधली सर्वांत महत्त्वाची जागा खिंड वाटत नाही. हा मुक्काम वाटतो. इथून मागे फिरलात तर त्याच दिवशी जोबऱ्याला पोचता, गाडी मिळते, रात्री मनाली. उद्या खिंड ओलांडली की मागचं दार बंद. मग खाली उतरायचं तर सियागोरू या पलीकडच्या मुक्कामावरून छत्रूच्या रस्त्यापर्यंत जावंच लागतं, आणि आजारी माणसाला ते फार लांब आहे. म्हणून ‘पुढे जायचं की नाही’ हे इथे, आज संध्याकाळी ठरतं.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, चक्कर, झोप न लागणं: यातलं डोकेदुखीसह काहीही असेल तर तो उंचीचा त्रास समजायचा, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. सौम्य असेल तर तिथेच थांबून, पाणी पिऊन, विश्रांती घेऊन बरं वाटतं. वाढत असेल तर उतरायचं. बसल्या जागी धाप लागणं, कोरडा किंवा फेसाळ खोकला म्हणजे फुप्फुसात पाणी साठू लागलंय. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता न येणं, बोलणं अडखळणं, वागणं विचित्र होणं म्हणजे मेंदूला सूज. या दोन्हींत उजाडायची वाट पाहत नाहीत, ऑक्सिजन लावून रात्रीच उतरवतात. झोपेची गोळी इथे कधीही घेऊ नका. गाइड रोज बोटाला ऑक्सिमीटर लावतो. इथे पंच्याऐंशी-नव्वदच्या घरातला आकडा दिसला तर घाबरू नका. आकड्यापेक्षा तुम्हाला कसं वाटतंय ते महत्त्वाचं, आणि ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

ऑगस्टच्या फेरीत माझा मावसभाऊ बरोबर होता. धावपटू माणूस. त्या संध्याकाळी गाइडने सगळ्यांना एकेक करून विचारलं, याने हसून ‘एकदम मस्त’ म्हटलं. जेवणाच्या तंबूत पत्र्याच्या ताटात खिचडी वाढली. गॅसबत्तीच्या उजेडात सगळे गप्पा मारत होते. हा चमच्याने खिचडी ताटाच्या कडेला सारत होता, मध्येच पाणी पीत होता. शेवटी ताट उचलून तो बाहेर गेला. गाइड काही न बोलता त्याच्या मागे गेला. ताट तसंच भरलेलं होतं. “भाईजी, सच बताओ,” एवढंच तो म्हणाला, आणि दुपारपासून डोकं फुटतंय, दोनदा ओकारी झाली, हे सगळं बाहेर आलं. वर्षभराची रजा साठवली होती, पैसे भरले होते, आमचा हिरमोड होईल असं वाटत होतं. पहाटेपर्यंत वाट पाहिली, दुखणं वाढलं, आणि साडेपाचला एका मदतनिसाबरोबर तो खाली निघाला. मी त्याला नदीच्या वळणापर्यंत पाहत उभी होते. तीन दिवसांनी मनालीत भेटला तेव्हा म्हणाला, “अगं ताई, जोबऱ्याला पोचलो आणि भूक लागली.” दोनेक हजार फूट उतरल्यावर शरीर किती पटकन सावरतं, ते त्या वाक्यात आहे. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, मनालीत दोन रात्री काढल्या आणि खिंड ओलांडली.

तिसरा दिवस: खिंड

पहाटे निघायचं. सात ते नऊ तासांचा दिवस आहे. नाश्ता घशाखाली जात नसला तरी खा, डबा बरोबर घ्या. सुरुवातीचे दोन तास दगडधोंड्यांच्या उताराला धरून, एकेक टप्पा चढत. प्रत्येक टप्प्यावर वाटतं की हीच खिंड, आणि वर गेलं की आणखी एक पायरी दिसते. पुढचं बघत बसू नका. समोरच्याच्या बुटांच्या टाचा बघत चाला.

बर्फ असेल तर गाइडच्या पावलात पाऊल. चढताना बुटाचं टोक बर्फात मारून खाच करायची, उतरताना टाच रोवायची, अंग मागे टाकायचं नाही. गरज असेल तेव्हा गाइड बुटांवर मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फात रुतणारे छोटे काटे, चढवायला सांगतो. ते आदल्या संध्याकाळी एकदा घालून बघा, वाऱ्यात थिजलेल्या बोटांनी शिकायची ती गोष्ट नाही.

खिंडीत हवा साफ असेल तर इंद्रासन आणि देव तिब्बा दिसतात. दोन्ही सहा हजार मीटरच्या वरची शिखरं. फोटो काढा, खाऊ खा, पण अर्ध्या तासाच्या वर थांबू नका. दुपारनंतर ढग भरतात, वारा उठतो. पलीकडचा उतार तीव्र आहे, सुट्या खडीचा किंवा बर्फाचा. इथे दोन माणसांत अंतर ठेवा, वरच्याच्या पायाखालून दगड सुटला तर ‘दगड!’ म्हणून ओरडायला लाजू नका. गुडघे जरा वाकलेले, पावलं छोटी, पोल पुढे. सियागोरूला पोचता तेव्हा ३,९०० मीटरवर असता. या मुक्कामी वारा हाड गोठवणारा असतो. मोबाइल आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. थंडीत बॅटरी उतरते.

चौथा दिवस: पाणी आणि छत्रू

सकाळी उठल्यावर थोड्याच वेळात नदी ओलांडायची असते. सकाळीच, कारण ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारपर्यंत तीच नदी दुप्पट फुगते. बूट-मोजे काढून गळ्यात, पँट गुडघ्यावर, पायात सँडल. अनवाणी नाही; तळाचे गोटे शेवाळलेले असतात आणि बधिर झालेल्या पायाला जखम कळत नाही. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर सॅक झटकून मोकळं होता यायला हवं. प्रवाहाकडे तोंड करून, एकमेकांचे हात मनगटाशी घट्ट धरून, आडवी पावलं टाकत जायचं.

पहिल्या पावलाला पाणी थंड लागत नाही, ते चावतं. चौथ्या-पाचव्या पावलाला पोटऱ्यांत कळ येते, मग घोट्याखाली पाय आहे की नाही तेच समजत नाही. वाहत्या पाण्याकडे बघितलं की गरगरतं, म्हणून नजर पलीकडच्या काठावरच्या एखाद्या दगडावर. काठावर आलात की आधी पाय कोरडे करा, जोरात चोळा, मोजे घाला. आमच्या गाइडने तिथे प्रत्येकाच्या तळव्यांना हात लावून पाहिला होता.

मग तीन-चार तास उतार आणि खाली चंद्रा नदीच्या काठचं छत्रू, ३,३५० मीटरच्या आसपास. तिथला रस्ता, ढाबा आणि गरम आलू-पराठा. पाय मोकळे होतात.

चंद्रताल

रस्ता उघडा असेल तर छत्रूहून जीपने बातलवरून चंद्रताल. अंतर फार नाही, पण रस्ता म्हणजे गोटे आणि वाटेत आडवे येणारे नाले. तीन-चार तास धरा आणि पहाटे निघा. तळं सुमारे ४,२५० मीटरवर आहे, जवळजवळ खिंडीइतक्याच उंचीवर, म्हणून मी तिथे मुक्काम न करता बघून परत येणं पसंत करते. २००५ पासून ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. काठावर तंबू लावायला परवानगी नाही, पाण्यात उतरायचं नाही, साबण तर मुळीच नाही. गाड्या थांबतात तिथून थोडं चालावं लागतं. गाणी लावू नका. पाणी निळं की हिरवं हे ठरवता ठरवता ढग सरकतो आणि रंग बदलतो.

खाली वाहणारी चंद्रा तांदीजवळ भागाला मिळते, तिथून ती चंद्रभागा आणि पुढे चिनाब. आषाढीची वारी करणाऱ्या माझ्या आजीला मी हे नाव सांगितलं, तेव्हा तिने ‘तिकडेही चंद्रभागा?’ म्हणून हात जोडले होते.

परत

निघण्याआधी बक्षिशीचे पैसे गटाने एकत्र गोळा करा आणि स्वयंपाकी, मदतनीस, खेचरवाले यांना वेगवेगळे, हातात द्या. गाइडकडे एकरकमी दिले की कोणाला किती पोचले ते कळत नाही. खेचरवाले बहुधा छत्रूहूनच माघारी फिरतात, त्यांचं आदल्या दिवशीच उरका. आपला सगळा कचरा मोजून परत आणा, चॉकलेटचे कागदसुद्धा.

छत्रूहून ग्रामफू, कोकसर करत जीप अटल बोगद्याशी येते. ऑक्टोबर २०२० मध्ये तो सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट चढावा लागत नाही. नऊ किलोमीटरच्या अंधारातून बाहेर पडलात की पुन्हा हिरवं कुल्लू खोरं. पण त्याच्या अलीकडेच, बोगद्याच्या तोंडाशी फोन खिशात थरथरायला लागतो. पाच दिवसांचे मेसेज एकदम येतात. ते नंतर वाचा. आधी घरी फोन लावा.